फेरीतलं शेवटचं घर

"घ्या! आता याचंही पोट सुटलं," वहिनी कपाटाच्या दाराला गुडघ्याने रेटत पुटपुटली. "परवापर्यंत नीट लागत होतं. माणसांची नाटकं कमी पडली म्हणून आता लाकडाचीही सोसा."

ती हे कपाटाशी बोलत होती. पण ते स्वयंपाकघर इतकं अरुंद, की कोणाशीही बोललं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. टेबल आणि भिंत यांच्या बेचक्यात गुडघे आवळून बसलेल्या जोडणीबाईच्या तर ते थेट कानात पडलं. तोंडाशी नेलेला कप तिथेच थांबला.

लाकूड फुगतं ते ओल लागल्यावर. आणि पाऊस इथे पडलाच नव्हता. पडत होता तो वर, डोंगरात, गेले काही दिवस.

"हवा दमट आहे गं," ती म्हणाली.

"हवा," वहिनी म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि दाराला आणखी एक गुडघा दिला. दार कसंबसं लागलं. वहिनीने त्याच्या कडीत चमचा अडकवला, आणि जणू काही झालंच नाही अशी हात पुसत ओट्याकडे वळली.

जोडणीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते नदीच्या वरच्या अंगाला गाई पाळणाऱ्या दूधकाकांनी पाडलं. नदीकाठचे शेतकरी आणि तिथली जमीन सांभाळणारी सरकारी खाती यांना एकत्र बसवायचं, आणि त्यांच्या हातून नदी पुन्हा नदीसारखी करून घ्यायची, हे तिचं काम. संस्थेने तिला दिलेला हुद्दा मात्र एवढा लांब होता की तो सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा निवायचा. दूधकाकांनी एकदा तो पुरता ऐकून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे जोडणी करणारी बाई. मग तसं सांग की!" तेव्हापासून तेच. माहेरी मात्र ती धाकटीच होती, केस पांढरे व्हायला लागले तरी.

आणि हे तिचं माहेर. दादाचं घर. नदी जिथे वळण घेते तिथे, सगळ्यात खाली.

नदीच्या या पट्ट्यात चौघांची जमीन होती. सगळ्यात वर दूधकाकांची कुरणं आणि गाई. त्याखाली सरकारी रान, ते वनपालांच्या ताब्यात. त्याखाली कोबीताईची भाजीची शेतं. आणि मग दादा. चौघांनी वर्षानुवर्षं एकच उद्योग केला होता: आपला काठ उंच करायचा आणि पाणी खालच्याच्या अंगावर ढकलायचं. खालच्याने वरच्याला शिव्या द्यायच्या आणि स्वतःचा काठ उंच करायचा. दादाच्या खाली गाव होतं. त्याच्या शिव्या घ्यायला मग सगळेच होते.

या चौघांना एका टेबलाशी आणताना जोडणीबाईने इतका चहा प्यायला की तिला झोप येईनाशी झाली. कोबीताई वनपालांचं तोंड बघायला तयार नव्हती. त्यांच्या रानातली डुकरं तिचा कोबी खात. वनपाल दूधकाकांवर खार खाऊन. त्यांच्या गाई काठ तुडवून नदीत उतरत. दूधकाकांचं तर सगळ्यांशीच वाकडं, कारण त्यात त्यांना मजा वाटायची. पण जमलं. काकांनी गाईंसाठी काठाला कुंपण घातलं, वनपालांनी रानातला दगडी काठ काढून तिथे माती धरून ठेवणारी वाळुंजाची झाडं लावली, कोबीताईने नदीलगतचा पट्टा नांगरायचा सोडला. आणि मुख्य काम केलं दादाने. आपल्या खालच्या कुरणाशी जो उंच मातीचा बांध होता, त्यात त्याने खिंडार पाडू दिलं. नदी चढली की पाणी तिथून कुरणात शिरेल, पसरेल, सुस्तावेल, मुरेल. वर कोबी बुडणार नाही, खाली गाव बुडणार नाही, आणि मधे पूर्वी होती तशी पाणथळ पुन्हा होईल.

झालीही. लव्हाळा उगवला, बगळे उतरले. एका सकाळी चिखलात पाणमांजराची पावलं उमटलेली दिसली, तेव्हा वनपाल, एवढा दांडगा माणूस, उकिडवा बसून त्या पावलांकडे बघत राहिला आणि उठताना नाक पुसलं त्याने.

हे सगळं एका नियमावर उभं होतं. तो नियम जोडणीबाईनेच सुचवला होता, कारण त्याशिवाय कोणी पुढे यायला तयार नव्हतं. चौघांपैकी कोणालाही, कधीही भीती वाटली तर त्याने फक्त 'बुजवा' म्हणायचं. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. कोबीताईच्या शेडमध्ये खोदाईचं मशीन उभं असे. ते यायचं आणि खिंडार बुजवायचं. त्या एका शब्दाच्या आधाराने सगळे होकाराला आले होते. आणि तो शब्द एकदा कोणी उच्चारला, की नदी पुन्हा जुन्या वाटेने कोबीताईच्या शेतात आणि गावात घुसणार, आणि पुन्हा कोणी कोणाच्या टेबलाशी बसणार नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आज सकाळपासून जोडणीबाईचे कान या शब्दाकडे लागले होते. नदी चढत होती. खिंडार पाडल्यापासून इतकी पहिल्यांदाच.

"दादा कुठाय?" तिने विचारलं.

"पाण्याकडे बघत उभा असेल. त्याने डोळे वटारले की ते ओसरतं, असा त्याचा समज आहे."

"सकाळपासून?"

"पहाटेपासून. आणि शीळ घालतोय." वहिनीने मिठाची बरणी उघडली, आत चमचा खुपसला, ढेकूळ फोडलं आणि बरणी पुन्हा मिटली. "इतक्या वर्षांत मी याला शीळ घालताना दोनदाच ऐकलंय. दोन्हीदा दवाखान्यात."

जोडणीबाई उठली. हात धुवायच्या निमित्ताने आत गेली. मागच्या खोलीत पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणलेला होता, समुद्रात होडी ठेवावी तसा. आजूबाजूला मोकळी फरशी.

"पलंग मधे का आणलाय गं?" तिने आतूनच विचारलं.

"त्याच्या पाठीला भिंतीचा गारवा बाधतो म्हणे," वहिनी तिकडून म्हणाली. "मला आजच कळलं, याला पाठ आहे."

मागच्या भिंतीवर, जिथे कधी काही टांगलेलं नसे, तिथे दादाचा जुना रेनकोट लटकत होता. नव्या खिळ्याला. जोडणीबाईने भिंतीला तळहात लावला. भिंत तापातून उठलेल्या माणसासारखी घामेजलेली, गार होती. तिने रेनकोट बाजूला केला.

भेग खिळ्यापासून निघून पार खाली फरशीपर्यंत गेली होती. तिने त्यात करंगळी घातली. गेली. बोटाला आतली माती लागली, मऊ, लोण्यासारखी. तिने बोट काढून घेतलं, एखाद्याच्या जखमेत घातल्यासारखं दचकून, आणि रेनकोट होता तसा नीट सरळ केला. का सरळ केला, ते तिला सांगता आलं नसतं. दादाने झाकलंय म्हणजे झाकलेलंच असायला हवं, असं काहीतरी हाताने परस्पर ठरवलं.

मग ती मागच्या दाराने अंगणात गेली. पडवीतलं फावडं घेतलं.

आता ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळी चूक त्यातच होती. दर महिन्याला सगळे मिळून शिवारफेरी करायचे. पद्धत ठरलेली: वरून सुरुवात, दूधकाकांच्या गोठ्यापासून, आणि नदीबरोबर खाली खाली येत दादाच्या घरी शेवट. प्रत्येकाच्या जमिनीत, घराजवळ आणि काठाजवळ, एकेक खड्डा खणायचा आणि जमिनीखालचं पाणी किती वर आलंय ते सगळ्यांनी वाकून बघायचं. काकांच्या अंगणात बघितलं. वनपालांच्या नर्सरीत बघितलं. कोबीताईच्या शेडमागे बघितलं. तिने तेव्हा सगळ्यांना चिखलाचे पाय धुवायला लावले. आणि दादाकडे आलं की वहिनी दारात उभी असायची. चहा तयार असायचा. सगळे दमलेले. जोडणीबाईच्या माहेरच्या अंगणात, यजमानांच्या डोळ्यांदेखत, कोण फावडं घालणार? कुरणातला खड्डा बघायचे आणि घरात शिरायचे. अंगणातला राहून जायचा. दर महिन्याला. सभ्यपणाने.

वर आणखी एक गंमत. कोबीताई म्हणायची, बाईंचं स्वतःचं माहेर सगळ्यात खाली आहे, म्हणजे धोका नसणारच. आपल्याच भावाच्या घरावर कोण पाणी घेईल? काकांचंही तेच. वनपालांचंही. पाणी खात्याचा माणूस आराखडा करताना म्हणाला होता, "घराजवळची ओल बघितलीत ना सगळीकडे?" आणि सगळे एका सुरात म्हणाले होते, "हो हो, फेरी झाली की." त्या सुरात तिचाही सूर होता. आणि दादा? दादा म्हणाला होता, "धाकटी सांगते ना, मग झालं."

सगळ्यांची हमी दादाचं घर. दादाची हमी ती. आणि तिची हमी सगळे. गोल फिरून आलं तर कोणाच्याच हातात काही नव्हतं.

तिने फावडं रोवलं. माती विरोध न करता आत गेली. दुसऱ्या फावड्याला तळाशी चकचकलं, तिसऱ्याला पाणी दिसलं. ते खळखळलं नाही, उसळलं नाही. नुसतं वर येऊ लागलं, शांतपणे, जणू खालून कोणीतरी भांडं भरत होतं. गांडुळं मातीतून बाहेर पडून गवतावर वळवळत होती. घराच्या पायापासून दूर. सगळी एकाच दिशेला.

तिचे हात फावड्यावरच गोठले. ती ज्या पाण्यासाठी सकाळपासून खिडकीतून कुरणाकडे बघत होती, ते तिकडून येणार नव्हतंच. ते आलेलं होतं. घराखाली.

"खजिना सापडला का?" मागून दादा म्हणाला.

त्याच्या बुटांना चिखल होता आणि चेहऱ्यावर ते हसू, जे तो डॉक्टरसमोर चढवतो.

"दादा, पाणी."

"जुना नळ फुटला असेल."

"इथून नळ जात नाही."

"आजोबांच्या वेळचा असेल एखादा."

"दादा, आजोबांच्या वेळी नळ नव्हते."

तो वळला. पडवीत गेला, कपडे धुवायचा मोठा निळा टब उचलून आणला आणि खड्ड्यावर पालथा घातला. वर एक वीट ठेवली.

"कोणाचा पाय जाईल," तो म्हणाला.

"मागच्या भिंतीला—"

"फेरी किती वाजता येतेय? दूध पुरेल ना चहाला? काका दोनदा घेतात." त्याने तिच्या हातातून फावडं काढून घेतलं. ते पडवीला टेकवून ठेवलं. "हे बघ धाकटे, तू केलंस ते चांगलं केलंस. काय? सगळे एकत्र आले. त्या बगळ्यांकडे मी रोज बघतो. आता उगाच—"

"उगाच काय?"

"उगाच काही नाही," दादा म्हणाला आणि शीळ घालत पुढच्या अंगणात गेला.

तेव्हा तिला कळलं. तो 'बुजवा' म्हणणार नव्हता. भिंत अंगावर आली तरी. बहिणीचं काम आपल्या तोंडून मोडायचं नाही, म्हणून तो पलंग मधे ओढणार, रेनकोट टांगणार, टब पालथे घालणार आणि त्या भिंतीच्या आत झोपत राहणार. वहिनीसकट.

आणि ती? तिनेच म्हणून टाकावं? ती चौघांमध्ये नव्हती, पण तिने म्हटलं असतं तर ऐकलं असतं सगळ्यांनी. एकच शब्द. तिने तो मनातल्या मनात म्हणून बघितला. मग तसाच ठेवून दिला.

फेरी आली ती वरून, नेहमीसारखी. पण गप्पा नेहमीसारख्या नव्हत्या. दूधकाका काठी टेकत पुढे, त्यांच्यामागे वनपाल, मग कोबीताई, डोक्याला फडकं बांधून. आणि त्यांच्यामागून, बरंच अंतर ठेवून, खोदाईचं मशीन, चिखलात चाकं रुतवत. ते नदीच्या वळणाशी येऊन थांबलं. चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं नाही.

"ते कशाला आणलं?" जोडणीबाईने विचारलं.

"उगाच," कोबीताई तिच्याकडे न बघता म्हणाली. "फिरवून आणलं. उभं राहून गंजतं ते."

मागच्या अंगणातून घरात शिरताना सगळ्यांना तो टब लागला. निळा, पालथा, वर वीट. त्याच्या कडेखालून पाण्याची एक बारीक जीभ बाहेर आलेली. वनपालांनी तिच्याकडे बघितलं आणि मग आकाशाकडे बघितलं. कोबीताईने पाय उंच उचलून वळसा घातला. काकांनी काठीने टबाला टकटक केलं.

"धुणं काढलंय वाटतं आज सूनबाईने."

"हो ना," दादा म्हणाला. "या, या. चहा तयार आहे."

चहा तयार होता. पण काकांच्या हातात आला तो कानतुटका कप, आणि वनपालांना मिळाला स्टीलचा पेला.

"सूनबाई, आमचे फुलाफुलांचे कप कुठे गेले? हे असले कप आमच्या गोठ्यात असतात."

"धुवायचेत," वहिनी म्हणाली. ती ओट्याला पाठ लावून उभी होती. बसली नाही. बसायला जागाही नव्हती म्हणा. टेबलाभोवती पाच माणसं म्हणजे त्या खोलीत माणसांचं लोणचं.

सगळे पीत राहिले. इंजिनाची धडधड खिडकीतून आत येत होती आणि कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. जोडणीबाई त्या वर्तुळांकडे बघत होती. ती विचार करत होती त्या भिंतीचा. धडधड तिथेही पोचत असणार.

"गाय व्यायली कालवडीला," काका म्हणाले.

"अरे वा," दादा म्हणाला.

"पाणी बरंच आहे नाही कुरणात," वनपाल म्हणाले. आणि सगळ्यांनी बघितलं तसे घाईने पुढे म्हणाले, "म्हणजे पक्ष्यांना बरं."

"पक्ष्यांचं काय, मजा आहे," कोबीताई म्हणाली. "त्यांना ना घर ना—" आणि ती मधेच थांबली. चहाचा मोठा घोट घेतला, भाजला तिला, तरी गिळला. "माझा कोबी मात्र कोरडा राहिला हां या वेळी. पहिल्यांदा. रात्री झोपले मी सरळ. सांगायलाच हवं ते." हे सांगताना ती टेबलाच्या लाकडाशी बोलत होती आणि तिचे डोळे भरले होते. जोडणीबाईला वाटलं, ही बाई आता हात जोडेल. पण कशासाठी जोडेल, बुजवू नका म्हणून की माफ करा म्हणून, ते तिचं तिलाही ठाऊक नसेल.

पुन्हा सगळे आपापल्या कपात बघू लागले.

वनपालांना शांतता सोसत नसे. रानात राहणाऱ्या माणसाला सोसायला हवी, पण नाही. "वहिनी, परवा तुम्ही आमच्या टेकडीवरच्या चौकीपाशी दिसलात," ते म्हणाले. "मी हाक मारली, पण तुम्ही खिडकीतून आत बघत होतात. रिकामीच आहे ती. कोणी राहत नाही. काही काम होतं का?"

"पाय मोकळे करत होते," वहिनी म्हणाली.

"टेकडीवर?" दादा म्हणाला. "तू?"

"का? मला पाय नाहीत?"

कोणीतरी हसलं. हसू टेबलाच्या मध्यापर्यंत गेलं आणि तिथेच पडलं.

आणि मग जोडणीबाईला ते दिसलं. कोपऱ्यात, कपाटाच्या पायाशी, दोन फरशांमधली रेघ काळी पडली होती. बघता बघता ती चकाकली. रेघेतून पाणी वर आलं, थोडंसं, कोणाच्या हातून सांडावं तेवढं, आणि पुढच्या रेघेत उतरलं. तिथून पुढच्या. टेबलाच्या दिशेने. घाई नव्हती त्याला. घरचं माणूस असल्यासारखं येत होतं.

काकांना ते दिसलं. त्यांनी काठी उचलून मांडीवर घेतली. कोबीताईला दिसलं, तिने पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले. वनपालांनी बूट हळूच मागे घेतले आणि मग वर उचलले. दादाने खाली बघितलंच नाही, पण त्याचेही पाय जमिनीवरून उठले. आणि जोडणीबाईच्या लक्षात आलं की तिने स्वतःही टाचा वर घेतल्या आहेत. पाच मोठी माणसं, पाय अधांतरी धरून, चहा पीत होती.

"साखर हवी का कोणाला?" दादाने विचारलं. त्याचा आवाज फाटला.

आत, मागच्या खोलीत, काहीतरी सुटं झालं. फार मोठा आवाज नव्हता. मूठभर मातीचा. मग आणखी थोड्या मातीचा. मग रेनकोट पडल्याचा, खिळ्यासकट. खिळा फरशीवर टिणकन वाजला आणि गोल फिरत राहिला. सगळ्यांनी तो थांबेपर्यंत ऐकला.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. वनपाल दाराकडे बघत होते, दार किती लांब आहे ते बघावं तसे. खिडकीबाहेर मशीनवाला केबिनमधून वाकून घराकडे बघत होता, हात दांड्यावर, कोणीतरी खूण करेल म्हणून.

जोडणीबाईने कप खाली ठेवला. काय व्हायचं ते होवो. नदी काय, पुन्हा कधीतरी. माणसं पुन्हा जमवता येतील. नाही आली तरी चालेल. दादाचं डोकं त्या भिंतीखाली नको. तिने श्वास घेतला, ओठ मिटले तो शब्द उच्चारायला, आणि तिला दिसलं, दादा तिच्याकडेच बघतोय आणि मान हलवतोय, नको, नको, लहानपणी तिने काही फोडलं आणि ते आईला सांगायला निघाली की हलवायचा तशी.

"थांबा, वन्सं," वहिनी म्हणाली.

वन्सं म्हणून ती फक्त रागावल्यावर म्हणायची. पण आवाजात राग नव्हता.

त्याच क्षणी इंजिनाच्या धडधडीने म्हणा की ओलीने म्हणा, कपाटाच्या कडीतला चमचा सुटून खाली पाण्यात पडला आणि ते फुगलेलं दार कण्हत उघडलं. सगळ्यांनी वळून बघितलं.

कपाट रिकामं होतं. एकही फळी भरलेली नव्हती. फुलाफुलांचे कप नव्हते, ताटं नव्हती, आजीची पितळी भांडी नव्हती, लग्नातली किटली नव्हती. फळ्यांवर फक्त भांड्यांच्या बुडांचे गोल डाग होते, एकाला लागून एक.

दादा उठून उभा राहिला. पाय पाण्यात पडले त्याचे, त्याला कळलं नाही. "हे काय? कुठे गेलं सगळं?"

"वर," वहिनी म्हणाली. "चौकीत. रोज एक पिशवी. तू पाणी बघायला गेलास की मी टेकडी चढायचे. किल्ली लागत नाही त्या दाराला, वनपालसाहेब, तेवढं बघा तुम्ही."

वनपाल खिशातल्या किल्ल्या चाचपू लागले.

"मला सांगितलं नाहीस," दादा म्हणाला.

"तू सांगितलंस? पलंग ओढलास तेव्हा? तो कोट टांगलास तेव्हा?" तिने पदराने नव्हे, ओट्यावरच्या फडक्याने चेहरा पुसला. "मला वाटलं तू म्हणशील. मग वाटलं ही म्हणेल. काका म्हणतील, मोठे आहेत. एवढी माणसं येतात, वाकून वाकून सगळ्यांच्या जमिनी बघतात, कोणीतरी म्हणेल. मी तर चहाच करतेय. तुम्ही सगळे त्या खिंडाराला घाबरता. रोज तिकडे बघता. मी या घराला घाबरते. आज नाही, आले तेव्हापासून. नवी नवरी होते, पहिल्याच आठवड्यात फरशी पुसली आणि ती वाळली नाही. सासूबाई म्हणाल्या, होईल सवय. झाली. आयुष्यभर पुसतेय मी ही जमीन, आणि एकदाही पुरती वाळलेली बघितली नाही."

मागे पुन्हा माती ढासळली. या वेळी आवाज बराच मोठा होता आणि त्याच्यामागून उजेड आला. मागच्या खोलीत, जिथे उजेड कधीच नसायचा, तिथून.

दादा त्या उजेडाकडे बघत उभा होता. जोडणीबाईने त्याचा हात धरला.

वहिनीने फडकं घडी घालून नळावर ठेवलं. मग खिडकीपाशी गेली, ती उघडली, आणि बाहेरच्या मशीनवाल्याला मोठ्याने, धुणं वाळत घालताना शेजारणीशी बोलावं तसं सांगितलं, "इंजिन बंद करा हो. खिंडार तसंच राहू दे." आणि मग ती आत वळली, नवऱ्याकडे आणि सगळ्यांकडे, आणि जे या टेबलाशी इतके महिने कोणी म्हटलं नव्हतं ते म्हणाली:

"ही जागा पाण्याची आहे. घर आपण चुकीच्या ठिकाणी बांधलंय, आणि ते पडतंय. उठा. आपण निघायचं."